चार ढीग

दसरा उलटला की कडोलीत बटाटा निघतो.
पत्र्याच्या शेडात निंगाप्पामामा पोतं उलटं करतो
आणि धूळ खाली बसायच्या आत
त्याचे हात कामाला लागलेले असतात.

मोठा इकडे, मधला तिकडे,
गोळी पायापाशी,
सडका उंबऱ्याबाहेर.
डोळ्यांनी निवडत नाही तो. अंगठ्यानं दाबतो,
आणि अंगठ्याला काय उत्तर येतं त्याची वाट बघतो,
अर्धा क्षण. जास्त नाही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी पेपर.
वही घेऊन पोत्यावर बसले आणि विचारलं,
मामा, एकदम चाळीस जखमी आले
आणि तुम्ही दोघंच असलात, तर?

"दोघं कुठली! डॉक्टरसाब, मी,
आन् स्ट्रेचर धरायला लंगरचा स्वयंपाकी.
पुस्तकात सगळं बरोबर हाय,
खरं पुस्तक उताणं पडून ओरडत न्हाई.
लिही. जो ओरडतोय त्याच्याकडं आधी जायचं न्हाई.
त्याचा श्वास चाललाय.
गप पडलाय त्याच्याकडं जा."

लाल, पिवळी, हिरवी, काळी.
चिठ्ठ्यांचे रंग मला पाठ होते.
त्याला पाठ होतं ते वेगळंच:
सलाइनच्या बाटल्या गोठू नयेत म्हणून
कोटाच्या आत, काखेत किती मावतात (चार),
पट्टा आवळला ती वेळ जखमीच्या कपाळावर लिहायची,
पेनातली शाई थिजली तर जांभळ्या औषधात काडी बुडवून,
आणि कुणाचं रक्त कुणाला चालतं त्याची यादी
लढाईच्या आधी, निवांत असताना,
पत्ते खेळणाऱ्यांच्या मधे बसून करायची.
"हसायची पोरं. आमच्या रक्तावर डोळा हाय म्हणायची.
हेलिकॉप्टर मागवलं की येतं,
खरं ढग कुणी मागवलेले नसतात."

आणि काळी?

त्यानं दुसरं पोतं ओढलं. सुतळी सुटेना.
"बैलहोंगलकडचा होता. पोटात लागलेलं.
नीरु, नीरु म्हणायला लागला.
बाकी कुणाला कळेना. मला कळलं.
बाजारात भाव करायला शिकलेली कन्नड,
तिथं वर, बर्फात.
पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं न्हाई. खरं,
काळी बांधल्यावर देतात.
म्हणजे मी पाणी दिलं असतं
तर त्याला कळलं असतं."

सुतळी दातानं तोडली त्यानं.

"गॉज भिजवून ओठावर ठेवला.
म्हटलं, स्वल्प तडी, तम्मा.
थांब जरा, एवढंच.
शेजारी लाल होता, त्याच्याकडं गेलो.
परत आलो तवा..."

पोतं उलटं झालं.
शेडभर बटाटे घरंगळले,
एक माझ्या वहीला येऊन थांबला.

बराच वेळ नुसता निवडायचा आवाज.
मग माझ्याकडे न बघता:
"एक ऱ्हायलं. अधोरेखित कर.
चिठ्ठी बांधली म्हणजे काम झालं न्हाई.
दर दहा मिनिटांनी परत बघायचं.
रंग बदलतो."

मी दोन रेघा ओढल्या.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठले
तर शेडाच्या उंबऱ्याबाहेर बॅटरी हलत होती.
मामा उकिडवा बसलेला
सडक्यांच्या ढिगाशी.
एकेक उचलायचा, दाबायचा, ठेवायचा.
मग एक हातात तसाच राहिला.
सदऱ्याला पुसला त्यानं,
उठून आत गेला,
मधल्यांत ठेवला. टाकला नाही.
आणि परत येऊन बसला.

हातातला तांब्या तसाच धरून मी उभी.
मागून मामी म्हणाली, जा, झोप तू.
बटाटा निघाला की
असंच असतंय त्यांचं.