एका गालाचं

डेटनच्या क्लिनिकात, ड्रायक्लीनरच्या शेजारी,
कोर्टनी तोंडावर दिवा धरून विचारते,
डावा गालच एवढा का करपलाय?

अकरा वर्षांनी मोठा आहे तो.
सकाळी दक्षिणेला सिनसिनाटी, संध्याकाळी उत्तरेला घर,
येता-जाता ऊन डावीकडूनच.
तेवीस वर्षं. शेजारच्या सीटवर डबा,
मधे काही वर्षं नंदन, शाळेपर्यंत.

ती तीन पॅकेजं मांडते.
सौम्य, मध्यम, आणि एक, ज्यात आठवडाभर
कातडी निघते कांद्याच्या पापुद्र्यासारखी.
तुमच्या रंगाला जपून, म्हणते,
डाग काढताना डाग पडू शकतो.
आमच्याकडे ही म्हण कशी नाही?

एकाच गालाचं किती?
असं कुणी घेत नाही, हसते ती.
पण उजव्याचे पैसे मी का भरू?
त्यानं सावलीत बसून
लिंबाच्या लोणच्याचा वास तेवढा घेतला.

शेवटी कानामागे, केसांखाली, एक चाचणी.
रबर ताणून सोडावं तसा चटका,
केस जळल्याचा वास.
चार आठवडे थांबा.

बाहेर चार वाजलेत. घर उत्तरेला.
गाडीत बसून सनव्हायझर
खिडकीकडे वळवते.
दोन सिग्नल गेल्यावर
परत सरळ करते.