एकशे त्रेपन्न

बुधवारी सहाला मी टेबल भिंतीशी सारते,
आठ खुर्च्या मांडते, दोन शेजारच्या बिर्गिटकडून उसन्या.
कॉफी ठेवते.
दिवसभर कारखान्यात कॉडचे काटे काढलेली बोटं
लिंबानं घासली तरी
सुट्टी झाल्याचं कबूल करत नाहीत.

म्हातारा याकुप होता तोवर बरं होतं.
प्रश्न तोच विचारायचा, उत्तरंही तोच द्यायचा,
आम्ही मोजे विणायचो.
तो गेला, आणि मंडळीनं माझ्याकडे पाहिलं.
का, ते आजवर कळलेलं नाही.
माझं घर धक्क्याजवळ आहे, म्हणून असेल.

पहिल्या बुधवारी मी तेरा प्रश्न लिहून आणले.
अकरा मिनिटांत संपले.
हो. नाही. हो. प्रभूची इच्छा.
मग बराच वेळ फक्त घड्याळ बोललं.

हळूहळू शिकले:
प्रश्न टाकायचा, आणि गळ टाकून बसतात तसं बसायचं.
दोर हलवायचा नाही.
मनात वीसपर्यंत मोजायचं.
सतराला बहुतेक एल्स्पा खोकते
आणि खोकल्यामागून खरं काहीतरी येतं.

रोग्वीला आवरायचं, तो पाचव्या मिनिटाला मूळ ग्रीकमध्ये शिरतो.
मार्यूनला वाचायला सांगायचं नाही.
तिला अक्षरं उलटी दिसतात, हे फक्त मला माहीत आहे;
तिच्या वाट्याची ओवी दर वेळी चुकून माझ्याकडे येते.

आणि हानुस. दाराजवळची खुर्ची.
चार हिवाळे येतोय, एक शब्द नाही.
त्याचा मुलगा, ती होडी, असं आम्ही कधी म्हणत नाही.
'त्या मार्चनंतर' म्हणतो,
फेरो बेटांच्या या टोकाला तेवढं पुरतं.

आज धुकं होतं. बोगद्यापलीकडचे दोघं आलेच नाहीत.
अध्याय तो: रात्रभर जाळं रिकामं,
उजाडताना काठावर कुणी उभा,
मग जाळं फाटेल इतके मासे,
आणि निखाऱ्यांवर भाजत ठेवलेला एक.
रिकामं जाळं म्हणजे काय, हे या खोलीत
कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

रोग्वी म्हणाला, आकड्यात गूढ आहे.
एकपासून सतरापर्यंत बेरीज करा, एकशे त्रेपन्नच येते.
एल्स्पानं बोटांवर करून पाहिली, सुया खाली पडल्या.
मी माझा चौथा प्रश्न विचारला:
आज तुम्हाला तो कुठे भेटतो?
वाईट प्रश्न. विचारतानाच कळलं.
वीस झाले. तीस. चौतीस.

"मोजले कुणी?"

दाराकडून आवाज. ओळखूच येईना.
"मेलेला माणूस काठावर उभा आहे,
यांच्यासाठी चूल पेटवून,
आणि हे मासे मोजत बसलेत?"

रोग्वीनं तोंड उघडलं.
मी त्याच्यापुढे बिस्किटांची बशी धरली.

"मीही मोजले असते," हानुस म्हणाला.
"एकेक. सावकाश. संपूच नयेत असे.
मान वर करून बघितलं
आणि काठावर कुणी नसलं, तर?"

माझ्या कागदावर अजून सहा प्रश्न होते.
कागद मी कपाखाली सारला.
कुणी प्रार्थनेला हात जोडले नाहीत, कुणी आमेन म्हटलं नाही.
मग मार्यूननं पुस्तक स्वतःकडे ओढलं,
ओळीखाली बोट ठेवलं
आणि पुढची ओवी वाचली,
तो त्यांना जेवायला बोलावतो ती,
अडखळत, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा नीट.

शेवटची प्रार्थना राहिली,
हे मला कप विसळताना आठवलं.
बिर्गिटच्या खुर्च्या अजून तशाच,
कागदावर कॉफीचं गोल कडं.

हानुस दारात टोपी शोधत उभा होता.
टोपी डोक्यावरच होती.
मी सांगितलं नाही.
नळ बंद केला
आणि मनात मोजत राहिले.