सरासरी बिल

मीटरच्या कपाटाचं दार ओढलं
तर कुणीतरी मला झापलं.
चिक्, चिक्, चिक्,
आणि दर चिक्‌ला शेपटीचा हिसका,
जणू शेपटीनंच आवाज उपसत होती.

सहकारनगर, मधुमालती सोसायटी,
मीटर सात, श्रीमती दाबके.
काचेवर आकडे नव्हते.
काथ्या होता पायपुसण्याचा,
कापूस कुणाच्या तरी उशीतला,
आणि कोपऱ्यावरच्या वडाचं सूत,
गेल्या पौर्णिमेला बायकांनी
सात जन्मांसाठी गुंडाळलेलं.
हिनं ते उलगडून आणलं होतं
एका बाळंतपणासाठी.

सुतात तीन.
डोळे मिटलेले, सोललेल्या शेंगदाण्यासारखी.
पाठी अजून कोऱ्या,
रामाचं बोट फिरायचं राहिलेलं.
मी बोट पुढे केलं.
मागे घेतलं.

मशीनमध्ये टाकलं : मीटर दिसत नाही.
म्हणजे सरासरी बिल. दाबकेबाई भांडणार.

समोर चिंचेखाली डबा उघडला.
ती खोडावरून उतरली, डोकं खाली,
मागचे पंजे उलटे वळवून,
अर्ध्यावर थांबली, सालीची होऊन गेली.
मी टाकलेला पोळीचा तुकडा
दोन्ही हातांत धरून फिरवला,
कडेकडेनं खाल्ला.

तेवढ्यात कुंपणावरून भारद्वाज चालत आला.
भारद्वाज दिसला की आई हात जोडते.
खारीला विचारा.
तिनं असा गलका केला की साळुंक्या धावल्या,
बुलबुल आले, आख्खी गल्ली जागी झाली;
खिडकीत फक्त माणूस कुणी आलं नाही.

तो गेला. मग ती हलवाहलव करू लागली.
त्याच्यामुळे असेल.
माझ्या हाताच्या वासामुळेही असेल.
पिल्लू तोंडात, हनुवटीला वेटोळं घालून
मफलरसारखं,
केबलच्या वायरीवरून पलीकडच्या इमारतीत,
एसीच्या मागे.
एक.
दुसऱ्या वेळी वायर हलली, ती थांबली, मी घास थांबवला.
दोन.
तीन.

मग चौथ्यांदा आली.
आत शिरली. बराच वेळ.
रिकाम्या तोंडानं बाहेर.

चौथं नव्हतंच. मी मोजली होती.
तिलाही ठाऊक असणार;
तरी बघून गेली.

डबा बंद केला, हेल्मेट घातलं,
गाडी चालू केली, बंद केली,
आणि मीही एकदा जाऊन
आत वाकून आलो.

सूत अजून कोमट होतं.
बाजूला सारलं असतं तर आकडा दिसला असता.