पुन्हा साठ फूट

रॉस्मन बोर्डास, वय सव्वीस, गाव काउकिरा.
बोटीनं तिसऱ्या दिवशी आणून सोडलेला,
कप्तान म्हणाला होता, आधी फ्रीझर भरू दे.

मी टाचणी घेऊन छातीपासून सुरुवात करते.
टोचतंय? टोचतंय.
इथं? हो.
बरगडीखाली? थोडं.
बेंबी.
तो छताकडे बघतो.
बेंबीखाली मी टोचत राहते, मांडी, गुडघा, तळवा,
आणि तो विचारतो, सुरू कधी करणार?

पाठीतली दोरी करंगळीएवढीच असते, रॉस्मन,
उकडलेल्या केळ्यासारखी मऊ,
मणक्यांच्या पोकळीत जपून ठेवलेली.
डोकं तिच्यातून खाली निरोप धाडतं, ऊठ, थांब,
पाय वर कळवतात, वाळू तापलीय, काच आहे, जपून.
तुझी दिवसातली तेरावी टाकी. हवा संपली, तू झपकन वर आलास.
रक्तात मुरलेला वायू फसफसला,
हलवलेली सोड्याची बाटली उघडावी तसा,
आणि बुडबुडे दोरीच्या शिरांत जाऊन बसले.
हाडाला धक्का नाही. दोरी तुटलेली नाही.
निरोप निघतोय. पोचत नाही.

त्याची आई म्हणते, हे काही नाही.
लिवा मायरिननं धरलंय त्याला, पाण्यातल्या बाईनं,
तिचे लॉबस्टर फार उपसले म्हणून.
मी वाद घालत नाही.
फिरून फिरून तेच तर म्हणतोय आम्ही दोघी,
फक्त ज्यांनी उपसायला लावलं
त्यांना ती कधी धरत नाही.

पिंप आडवं आहे, लोखंडी, पिवळा रंग पोपडे धरून उडालेला,
खिडकी बशीएवढी.
औषध म्हणाल तर एवढंच,
त्याला परत खाली न्यायचं. कोरड्या साठ फुटांवर.
मी व्हॉल्व्ह फिरवते, काटा सरकतो.
कान दुखले तर हात वर कर.
दाबाखाली बुडबुडे आकसतात.
वीस मिनिटं मास्कमधून प्राणवायू, पाच मिनिटं साधी हवा,
पुन्हा वीस.
सव्वा तासानं तिसावर, तिथं अडीच तास,
मग तसूतसूनं वर.
इतक्या सावकाश वर येणारा पाणबुड्या
मी लहानपणापासून एकही पाहिलेला नाही.

माझ्या वडलांच्या वेळी हे पिंप नव्हतं.
ते खुर्चीत बसून जाळी विणतात.
मध्येच त्यांचा उजवा पाय झटक्यात उडतो
आणि आई हातातलं पीठ टाकून धावते.
मी तिला दहादा सांगितलंय,
पाय नाही तो, दोरीचा खालचा तुकडा
स्वतःशीच बडबडतोय.
ती म्हणते, हो, ठाऊक आहे.
पुढच्या वेळी पुन्हा धावते.

सहाव्या दिवशी मी म्हटलं, अंगठा हलव.
हलवला, तो म्हणाला.
अंगठा होता तसाच होता.
मी कागदावर शून्य लिहिलं, कागद उलटा ठेवला.

सातव्या दिवशी, तीस फुटांवर,
आतून काचेवर बोटाचं पेर वाजलं.
मला वाटलं कान. फोन उचलला.
लागलीय, तो म्हणाला.
काय लागलं?
लघवीला लागलीय, दोरिला. मला कळतंय.

दहा दिवस नळीतून वाहत होतं,
त्याला पत्ता नव्हता. पिशवी भरायची, मी ओतून यायची.
अजून दीड तास दार उघडता येणार नव्हतं.
नळी आहे, मी म्हटलं, आपसूक जाईल.
माहितेय, तो म्हणाला,
तरी मी धरून ठेवतोय.

त्याची आई खिडकीशी आली,
काय म्हणतो?
आमच्या भाषेत त्याला एक साधा शब्द आहे,
लेकरं खेळ सोडून धावताना ओरडतात तो.
मी तोच सांगितला.
ती हसली की काय ते मी पाहिलं नाही,
काट्यावरून नजर हलवायची नसते.