पान ५८ वरची शंका

गठ्ठा सोमवारी आला,
अप्पा बळवंत चौकातून, पोराच्या स्कूटरवर पायापाशी,
दोन गाठी मारलेल्या पिशवीत.
दोनशे बारा पानं.
लढाई चाललेल्या देशातल्या साध्या माणसांनी
लिहून ठेवलेलं.
मला काय, मला ऱ्हस्वदीर्घ बघायचे.
पानामागे बारा रुपये,
आणि मजकुरात शिरायचं नाही
हा तीस वर्षांचा नेम.

एक शाळकरी मुलगी लिहिते,
जिन्यातली चौथी पायरी सगळ्यांत चांगली,
तिथे दोन भिंती आड येतात.
एका म्हातारीने मेणबत्त्यांचा हिशेब ठेवलाय
वाण्याच्या वहीसारखा, उधारीसकट.
‘मेणबत्त्या’तला अर्धा त दोनदा सुटलाय.
घातला.

साडेदहाची विमानं टिंगरेनगरवरून गेली,
लोहगावची, आपली, सरावाची.
कपबशी वाजली. मी मान वर केली नाही.
मुलगी लिहिते, जे ऐकू येतं
ते आपल्यासाठी नसतं.
‘नसतं’वर अनुस्वार होता.
तरी पेन त्याच ओळीवर राहिलं, जरा वेळ.

मग तो दातांचा डॉक्टर.
शेजारी गाव सोडताना त्याच्या हातात किल्ली ठेवतात:
माशांना खायला घाल, पाणी बदल.
पान एक्केचाळीस, मासे सात.
पान अठ्ठावन्न, मासे पाच.
पान साठ, शेजाऱ्यांना पत्र:
सातही मजेत आहेत,
केशरी जरा लठ्ठ झालाय.

समासात लिहिलं मी, हाताच्या सवयीने, लाल शाईत:
सात की पाच? एकसारखे करावे.

दुपारी हिमांगी बर्वेचा फोन, अनुवाद तिचा.
म्हणाली, मुळात तसंच आहे हो.
वीज गेली, पंप बंद पडला.
वहीत पाच, पत्रात सात.
मी म्हटलं, बरं.
ती म्हणाली, पान नव्वदला दोन आहेत.
मी म्हटलं, तिथवर आले नाही अजून.
ती म्हणाली, पत्रात तिथेही सातच.

लाल शाई खोडता येत नाही.
पांढरा रंग लावला, फुंकर मारत बसले.
तीस वर्षांत किती जणांच्या साताचे
मी पाच करून टाकले असतील,
न विचारता,
छपाईची घाई म्हणून.

वरच्या मजल्यावरचे कुलथे मुलाकडे गेलेत, मार्चपासून.
किल्ली माझ्याकडे, फ्रिजवर, औषधांच्या डब्यात.
रविवारी फोन येतो, कढीपत्ता कसा आहे?
फोफावलाय, म्हणते मी.
बारा दिवस वर गेले नव्हते.
यात त्या डॉक्टरासारखं काही नव्हतं.
गुडघा होता, आणि कंटाळा.

त्या रात्री गेले.
डांबराच्या गोळ्यांचा वास,
घड्याळ पावणेचारला थांबलेलं,
गॅलरीत कुंडी, कुंडीत काड्या.
एखादी मोडून बघावी, आत हिरवी आहे का.
बघितली नाही.
नळ सोडला तर नुसती हवा फुसफुसली.
गुरुवार. विसरलेच होते.

खाली आले, पिंपातून कळशी भरली,
पुन्हा चढायला लागले, कठड्याला धरून.
चौथ्या पायरीवर टेकले.
एक भिंत जिन्याची,
एक मीटरच्या खोलीची.
मोजल्या. दोन.

आमच्या जिन्यातला दिवा आपोआप लागणारा,
माणूस हललं नाही की विझतो.
विझला.
मी हलले नाही,
मांडीवरच्या कळशीतलं पाणी
हलायचं थांबेपर्यंत.