दोन फूट तोकडा

शरणपूरच्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर
गांगुर्ड्यांनी पप्पांच्या नावापुढे
डांबराने शिवी लिहिली.
ती पावसानेही गेली नाही.

मे महिन्यात त्यांची मोटर जळली.
घरात लेक बाळंतीण, पिंप कोरडं.

पप्पा देवळातून आले, कोट खुंटीला लावला,
नळाला पाईप जोडून भिंतीवरून पलीकडे सोडला.
दुसरा गाल वगैरे काही बोलले नाहीत.
म्हणाले, "दोन फूट तोकडा पडतोय रे, येशुदास.
वर चढ. धरून ठेव."

चढलो.
शिवीवरच पाय देऊन.
संडेस्कूलमधलं एकच वचन तेव्हा मला तोंडपाठ होतं,
वैऱ्याच्या डोक्यावर निखारे रचण्याचं.
मी वरून बघत होतो,
धूर निघतोय का.

गांगुर्डेकाका पिंप धरून उभे.
मान वर करेनात.
टकलावर पाण्याचे शिंतोडे,
ऊन,
एक मुंगळा.

दोनशे लिटरचं पिंप, वेळ लागतोच.
हात भरून आले.
मन भरून आलं असं
आजही नाही म्हणणार.

अलीकडून पप्पा विचारत होते,
"पोचतंय का पाणी?"

"पोचतंय," मी म्हणालो.