कुत्र्याचं काय झालं

बुधवारी सहाला, फोर्टात, तिसऱ्या मजल्यावर.
लिफ्ट दुसऱ्यापर्यंतच जाते.
खुर्च्या पंचेचाळीस, माणसं अकरा,
एसी असा की मी शाल नेते
आणि शेजारी कुडकुडणाऱ्या दुभाषसाहेबांना
तिचं एक टोक द्यावंसं वाटतं.
देत नाही.

एकतीस वर्षं मी पालिकेत,
जन्म-मृत्यूच्या खिडकीमागे.
म्हणून त्या एका सिनेमाबद्दल बोलायचा मला हक्क आहे,
ज्यात बापाच्या दाखल्यासाठी एक मुलगी
दोन तास एकाच इमारतीचे जिने चढते, उतरते,
आणि शेवटी तिच्या तोंडावर खिडकी बंद होते.
सगळा हॉल हळहळला.
मी नाही.
कॅमेरा एकदाही खिडकीच्या अलीकडे आला नाही,
माझ्या बाजूला.
आला असता तर कळलं असतं
की बदली माणूस साडेतीन तास आलेला नाही
आणि कारकून बाईलाही
लघवीला जावं लागतं.

बाकी त्यांची शांतता मला आवडते.
म्हणजे आवडली असती.
बर्फ पडतोय, कोणी बोलत नाही,
आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवतं,
खाली टॅक्सीवाला टॅक्सीवाल्याची आई काढतो.
युरोपातली शांतता
मी अजून निखळ ऐकलेली नाही.

आणि त्यांच्याकडे न सांगता कोणी येत नाही.
माणूस मेलं की घर रिकामं,
बाई खिडकीशी, सूप निवतंय.
आमच्याकडे तेरा दिवस
माझगावातल्या दोन खोल्यांत इतकी माणसं
की रडायला न्हाणीघरात गेले
तर बाहेरून कडी वाजली,
"वहिनी, चहात साखर किती?"
त्या सूपवालीचा मला राग येतो.
राग म्हणजे, हेवा.

गेल्या महिन्यातली विधवा
दोरीवरची डबल चादर काढते, एकटी घडी घालते.
सलग सात मिनिटं. मी घड्याळ लावलं.
चर्चेत कोणी म्हणालं, काळाचं ओझं.
मी म्हणते, दिग्दर्शकाने जन्मात चादर हातात धरलेली नाही.
दोन कोपरे हनुवटीखाली दाबायचे,
बाकीचं पोटाशी घ्यायचं. दीड मिनिट.
सहा वर्षं करतेय.
त्याआधी दोघं असायचो,
टोकं धरून एकमेकांकडे चालत यायचो,
बोटं बोटांना लागायची,
अबोला असला तरी, दर रविवारी.
हे काही त्याने दाखवलं नाही.
की त्या सात मिनिटांत तेच दाखवत होता
आणि मी घड्याळ बघत बसले?

परवाचा डोंगरातला.
म्हातारा मेंढपाळ धुक्यात शिरतो, परतत नाही.
दाराशी कुत्रं.
कॅमेरा कुत्र्यावरून उठतो, डोंगराकडे वळतो,
डोंगरच बघत राहतो, नावं येतात, दिवे लागतात.
हेरंब नाबर माइकवर फुंकर मारून म्हणाला,
"कोणाला काही विचारायचंय?"
एकाने निसर्ग आणि भांडवल यांवर विचारलं.
मग मी.
"कुत्र्याचं काय झालं?"
हसले सगळे. हेरंब गोड मुलगा आहे,
म्हणाला, "काकू, तो कुत्रा म्हणजे स्मृती."
असेल बाबा.
पण स्मृतीच्या बरगड्या दिसत होत्या.

जिन्यात दुभाषसाहेब कठड्याला धरून थांबले.
"तेचा वाडगा ऊंधा होता," म्हणाले, "तुमी बघितला?"
मी बघितला नव्हता.
इतकी वर्षं येते,
आणि वाडगा बघितला नव्हता.

पुढच्या बुधवारी पोर्तुगालचा आहे.
तीन तास दहा मिनिटं, मध्यंतर नाही.
घरात एक मोठी शाल आहे, ह्यांची,
डांबराच्या गोळ्यांचा वास येतो तिला.
गॅलरीत टाकून ठेवली आहे.